बंद पेटीतला आजारी घट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेतील एका विद्यार्थिनीच्या प्रयोगाला सलग तीन आठवडे स्थिर तापमान हवे होते. मध्येच वीज गेली तर उपकरण बंद पडू नये म्हणून त्याला इन्व्हर्टर आणि १२ व्होल्टची एक बंद लेड-ॲसिड बॅटरी जोडलेली होती. प्रयोग सुरू करण्याआधी बॅटरी तपासायची जबाबदारी आमची. आम्ही मल्टिमीटर काढला, दोन टोकांना दोन तारा लावल्या. आकडा आला १२.६ व्होल्ट. पूर्ण भरलेल्या, निरोगी बॅटरीचा असावा तसाच. प्रयोगवहीत 'बॅटरी उत्तम' असे लिहून आम्ही खाली सही केली.

सोळाव्या दिवशी रात्री वीज गेली. इन्व्हर्टर दोन मिनिटेसुद्धा चालला नाही. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा नमुने खोलीच्या तापमानाला येऊन कित्येक तास झाले होते. त्या मुलीने आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही. तिने वही उघडली, आमच्या सहीकडे पाहिले आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून तयारीला लागली.

त्याच दिवशी बॅटरीवाल्याला बोलावले. त्याच्याकडे एक साधे उपकरण होते. दोन टोकदार काटे, त्यांच्यामध्ये धातूची जाड पट्टी आणि वर एक व्होल्टमीटर. त्याने ते काटे बॅटरीच्या टोकांवर दाबून धरले. पट्टी तापून लाल होऊ लागली आणि व्होल्टमीटरचा काटा आठच्या आसपास घसरला. "साहेब, नुसता व्होल्ट बघून काय कळणार? लोड द्यायला पाहिजे. आतला एखादा सेल गेलाय," तो म्हणाला. कोणता सेल गेला आहे, असे आम्ही विचारल्यावर तो हसला. "ते कसं सांगणार? पेटी बंद आहे."

त्या माणसाने दहा सेकंदांत दोन गोष्टी सांगितल्या. पहिली गोष्ट, म्हणजे काम न करणाऱ्या बॅटरीचा आकडा फसवा असतो ही, कळायला विज्ञानाला पाव शतकाहून अधिक काळ लागला. दुसरी अडचण, म्हणजे बंद पेटीत आजारी घट कोणता ते कसे शोधायचे, ही सोडवण्यासाठी तर त्यानंतर दीड शतकाहून अधिक वाट पाहावी लागली. आज रस्त्यावर धावणाऱ्या हायब्रिड गाडीत दोनशे व्होल्टची बॅटरी असते आणि तिच्यातला दुबळा घट गाडीतला छोटा संगणक हुडकून काढतो. तो हे कसे करतो हे समजून घ्यायचे तर सुरुवात पहिल्या बॅटरीपासूनच करायला हवी.

बोटांनी केलेले निदान

इटलीतील अलेस्सांद्रो व्होल्टाने २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना एक पत्र लिहिले. जस्त आणि चांदी यांच्या चकत्यांच्या जोड्या, प्रत्येक दोन जोड्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, आणि अशी एकावर एक रचलेली चवड, हे त्या पत्राचे सार. सलग विद्युतधारा देणारे जगातले पहिले साधन ते हेच.

व्होल्टाकडे व्होल्टमीटर नव्हता. विद्युतधारा मोजण्याचे साधनच अजून जन्माला यायचे होते. चवडीच्या दोन टोकांना ओली बोटे लावायची आणि झटका किती बसतो ते अनुभवायचे, हीच त्याची तपासणी. या ओबडधोबड पद्धतीनेही त्याला एक दोष समजला. चवड उंच केली की वरच्या चकत्यांच्या वजनाने खालच्या पुठ्ठ्यांतले खारट पाणी पिळून बाहेर येते आणि बाजूने ओघळते. पुठ्ठे कोरडे पडतात, शिवाय ओघळ शेजारच्या चकत्यांना बाहेरूनच जोडतात. म्हणून त्याने दुसरीही रचना सुचवली होती. खारट पाण्याच्या पेल्यांची ओळ करायची आणि धातूंच्या वाकवलेल्या पट्ट्यांनी एक पेला पुढच्या पेल्याला जोडायचा. प्रत्येक घट सुटा, उघडा आणि डोळ्यांना दिसणारा.

एकसर जोडणीची ताकद आणि तिचे दुखणे दोन्ही या पेल्यांच्या ओळीत दिसतात. घट वाढवले की विभवांतरांची बेरीज होते, पण धारा मात्र प्रत्येक पेल्यातून तीच आणि तेवढीच जाते. त्यामुळे एका पेल्यातले पाणी आटले, तर बाकीचे पेले कितीही चांगले असले तरी धारा अडते.

एका शाळामास्तराची अडचण

या अडण्याचा हिशेब मांडला तो एका शिक्षकाने. गेऑर्ग सिमॉन ओम हा जर्मनीतील कोलोन शहरातल्या शाळेत गणित आणि भौतिकी शिकवत असे. वडील कुलुपे बनवण्याच्या व्यवसायात असल्याने हाताने उपकरणे तयार करण्याची त्याला सवय होती. निरनिराळ्या लांबीच्या तारांमधून धारा किती कमी होते हे तो मोजत होता. १८२५ मध्ये त्याने पहिला निष्कर्ष प्रसिद्ध केला आणि तो चुकला.

ही चूक समजून घेण्यासारखी आहे. ओम तारेचा अभ्यास करत होता, पण प्रयोगात बदलत होती ती बॅटरी. धारा वाहू लागली की त्या काळच्या घटांचे विभवांतर घसरे आणि थोडा वेळ थांबले की पुन्हा सावरे. तेव्हा एका विज्ञानपत्रिकेचे संपादक असलेल्या पोगेनडॉर्फ यांनी त्याला सुचवले की, घटाऐवजी तापयुग्म वापरून पाहा. बिस्मथ आणि तांबे यांच्या जोडाचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवले, तर मिळणारे विभवांतर अगदी लहान, पण स्थिर असते. १८२६ मध्ये ओमने या साधनाने प्रयोग केले आणि सूत्र सापडले. धारा म्हणजे एक स्थिर संख्या भागिले दोन राशींची बेरीज. त्यातली एक राशी तपासायच्या तारेची, आणि दुसरी मंडलाच्या उरलेल्या भागाची, म्हणजे ज्यात उगमही आला त्या भागाची.

आपण वर्गात ओमचा नियम शिकवतो तेव्हा बहुधा पहिलीच राशी सांगतो. दुसरी राशी, म्हणजे घटाचा अंतर्गत रोध, वरच्या वर्गांसाठी राहून जाते. खरे तर ओमला सर्वांत जास्त त्रास तिनेच दिला होता. १८२७ मध्ये त्याने बर्लिनमध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे स्वागत थंडपणे झाले. मान मिळायला १८४१ साल उजाडले, त्या वर्षी रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले.

आमच्या बॅटरीचे कोडे या दुसऱ्या राशीने सुटते. मल्टिमीटरमधून जाणारी धारा नगण्य असते. धाराच नाही, तर अंतर्गत रोधामुळे होणारी घटही नाही, कारण ती घट म्हणजे धारा गुणिले रोध. म्हणून अंतर्गत रोध दहापट वाढलेला घटही रिकामा बसला असता पूर्ण विभवांतर दाखवतो. धारा मागितली की तो कोसळतो. आम्ही बसलेल्या माणसाची नाडी पाहून त्याला डोंगर चढण्याचा दाखला दिला होता.

काचेच्या बरणीची खिडकी

१८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्तॉन प्लांतेने पुन्हा पुन्हा भरता येणारा शिशाचा घट तयार केला. १८८१ मध्ये कामिय फॉर याने पट्ट्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देऊन त्याची क्षमता पुष्कळ वाढवली. या घटाचा एक गुण निदानाच्या दृष्टीने फार मोलाचा ठरला. त्यातले सल्फ्युरिक आम्ल नुसते धारा वाहून नेत नाही, ते अभिक्रियेत भागही घेते. घट रिकामा होत जाईल तसे आम्ल पट्ट्यांमध्ये जाते, मागे पाणी उरते आणि द्रावाची घनता उतरते. पूर्ण भरलेल्या घटात तिचे पाण्याशी प्रमाण सुमारे १.२८ असते, रिकाम्या घटात ते १.१५ च्याही खाली येऊ शकते. म्हणजे काचेच्या नळीतला तरंगता हायड्रोमीटर आत सोडला की प्रत्येक घट आपली स्थिती स्वतःच सांगतो.

त्या काळच्या तारकचेऱ्यांत आणि वीजघरांत हे घट काचेच्या बरण्यांमध्ये ओळीने मांडलेले असत. देखभाल करणारा माणूस रोज फेरी मारी. पट्टी वाकली का, तळाशी गाळ साचून वर पट्ट्यांना टेकला का, भरत आलेल्या सगळ्या घटांत बुडबुडे येत असताना एखादाच गप्प आहे का, हे सारे डोळ्यांना दिसे. जो मागे राहिला तो आजारी. दोष एका घटाचा असे आणि इलाजही त्याच घटावर होई.

मात्र एक मर्म येथेही होते. १८९७ मध्ये जर्मनीतील पॉयकर्ट याने दाखवले की, घटाची क्षमता ही एकच ठरावीक संख्या नसते. धारा वेगाने काढली तर घट एकूण कमी वीज देतो, सावकाश काढली तर जास्त. म्हणजे घट किती चांगला आहे या प्रश्नाला त्याच्याकडून काम कोणते घेणार हे सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

खिडकी बंद होते

याच सुमारास बॅटरी रस्त्यावर आली. व्हिएन्नातील लोनर यांच्या गाड्यांच्या कारखान्यात फर्डिनांड पोर्शे या तरुण अभियंत्याने १९०० च्या सुमारास एक विजेची गाडी केली. तिच्यातील शिशाची बॅटरी फार जड होत होती. तेव्हा त्याने बॅटरी लहान केली आणि तिच्या जोडीला पेट्रोलची इंजिने व जनित्रे बसवली. आजच्या हायब्रिड गाडीची कल्पना ती हीच. पण पेट्रोलच्या गाड्या स्वस्त होत गेल्या आणि १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत विजेवर चालणारा स्टार्टर बसल्यावर इंजिन हाताने फिरवण्याचे कष्टही संपले. मोटारीतल्या बॅटरीकडे इंजिन सुरू करणे आणि दिवे लावणे एवढेच काम उरले.

दरम्यान घटांच्या रसायनातही बदल होत होते. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर याने १८९९ मध्ये निकेल-कॅडमियम घट केला, आणि अमेरिकेत एडिसनने निकेल-लोखंडाचा. या घटांत आम्लाऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण असते. ते आयनांची ने-आण करते, पण एकूण हिशेबात खर्ची पडत नाही. म्हणून घट भरलेला असो वा रिकामा, द्रावाची घनता जवळजवळ तीच राहते. हायड्रोमीटरचे बोलणे बंद झाले. पुढे १९४७ मध्ये आतले वायू आतच पुन्हा अभिक्रियेत वळवून पूर्णपणे बंद घट करणे जमले, आणि डोळ्यांची खिडकीही मिटली.

हॉलंडमधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस असे दिसले की, लँथॅनम आणि निकेल यांचे एक संमिश्र स्पंज पाणी शोषतो तसा हायड्रोजन शोषते आणि परत देते. या गुणावर आधारलेले निकेल-मेटल हायड्राइड घट १९९० च्या आसपास बाजारात आले. हलके, टिकाऊ आणि कॅडमियमचे विष नसलेले. पोर्शेची जुनी कल्पना पुन्हा हाती घ्यायला असाच घट हवा होता.

१९९७ ची गाडी

जपानच्या टोयोटा कंपनीत ताकेशी उचियामादा यांच्या गटाने प्रियस या गाडीचे काम १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात सुरू केले. १९९५ च्या अखेरीस तयार झालेला त्यांचा पहिला नमुना जागचा हलेना. दोष शोधता शोधता ४९ दिवस गेले, तेव्हा ती गाडी काही शे मीटर चालली. बॅटरी तापण्याची भीती एवढी होती की, चाचणीच्या वेळी चालकाशेजारी एक जण संगणक मांडीवर घेऊन तिच्या तापमानावर नजर ठेवून बसे, असे त्या दिवसांच्या प्रसिद्ध झालेल्या हकिगतींत वाचायला मिळते. विक्रीला आलेल्या गाडीत हा माणूस बसवणे शक्य नव्हते. त्याची जागा बॅटरीजवळ बसवलेल्या एका नियंत्रक संगणकाने घेतली. बॅटरीच्या निदानाच्या इतिहासातला हा महत्त्वाचा टप्पा आहे.

डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये प्रियसची विक्री सुरू झाली. तिच्या बॅटरीत १.२ व्होल्टचे २४० घट एकसर जोडलेले होते, म्हणजे २८८ व्होल्ट. २००३ साली आलेल्या दुसऱ्या पिढीत सहा-सहा घटांचे २८ संच होते, म्हणजे १६८ घट आणि २०१.६ व्होल्ट. हे घट बंद, संच बंद, आणि संचांची पेटीही बंद. ती मागच्या आसनाच्या पाठीमागे बसवलेली.

आता बॅटरीवाल्याला पडलेला प्रश्न पुन्हा विचारू. १६८ घटांच्या या माळेत एक आजारी आहे. कोणता?

संगणक काय पाहतो

प्रत्येक घटाला स्वतंत्र तारा जोडणे महाग आणि किचकट असते. म्हणून त्या गाडीत दोन-दोन संचांचा, म्हणजे बारा घटांचा, एक गट धरला. असे १४ गट. प्रत्येक गटाच्या टोकांपासून एक बारीक तार संगणकाकडे जाते. शिवाय पूर्ण माळेतून वाहणारी धारा मोजणारा एक संवेदक आणि निरनिराळ्या जागी बसवलेले तापमानाचे संवेदक. एवढ्या साधनांवर सारे निदान चालते.

गाडी चढावर चढते किंवा एकदम वेग घेते, तेव्हा बॅटरीतून मोठी धारा जाते. बॅटरीवाल्याच्या लाल पट्टीचे काम इथे रस्ताच करतो. माळ एकसर असल्याने धारा चौदाही गटांतून सारखीच जाते. तेव्हा सगळ्यांची विभवांतरे साधारण सारखीच खाली यायला हवीत. समजा, तेरा गट १३.५ व्होल्टवर आले आणि एक १२ वर. फरक दीड व्होल्ट, म्हणजे एका पूर्ण घटाच्या विभवांतराहून जास्त. याचा अर्थ त्या गटातला एक घट रिकामा होऊन उलट दिशेने ढकलला जात असण्याची शक्यता मोठी. ब्रेक लावल्यावर बॅटरी भरू लागते तेव्हा नेमके उलटे दिसते. ज्याचा अंतर्गत रोध जास्त, त्या गटाचे विभवांतर इतरांपेक्षा वर उडी मारते.

इथे पद्धतीतला एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. संगणक प्रत्येक गटाला एखाद्या ठरावीक आकड्याशी ताडत बसत नाही. थंडीत सगळेच घट मंद होतात, म्हातारपणी सगळ्यांचाच रोध वाढतो. म्हणून तो त्याच क्षणी, त्याच धारेखाली, त्याच पेटीत असलेल्या गटांची एकमेकांशी तुलना करतो. नियंत्रित प्रयोग आपण यालाच म्हणतो.

बॅटरी किती भरलेली आहे हा प्रश्न मात्र अधिक अवघड. या घटांचे विभवांतर मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहते, त्यावरून फारसा बोध होत नाही. म्हणून संगणक वाण्यासारखी जमाखर्चाची वही ठेवतो. किती धारा किती वेळ आत आली, किती बाहेर गेली. मोजणीतली बारीक चूक रोज साठत जाते, म्हणून अधूनमधून विभवांतर आणि तापमान पाहून वही दुरुस्त करावी लागते. शिवाय बॅटरी पूर्ण भरू द्यायची नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ द्यायची नाही, साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवायची, असा दंडक पाळला जातो. माळेतला दुबळा घट सगळ्यांच्या आधी भरतो आणि सगळ्यांच्या आधी रिकामा होतो. त्याच्यासाठी दोन्ही बाजूंना राखलेली ही जागा आहे.

दोष आढळला की संगणक तो पाच अक्षरांच्या संकेतात नोंदवतो. असे संकेत वाचण्याची सोय मोटारींत आली ती धुराचे प्रदूषण रोखण्यासाठी. कॅलिफोर्नियाने १९८८ पासून गाड्यांना स्वतःचे दोष नोंदवणे बंधनकारक केले आणि १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत त्याला एकच साचा मिळाला. त्याच साच्यात हायब्रिड बॅटरीचे दोष बसवले गेले. 'पी-शून्य-ए-ऐंशी' हा संकेत आला की त्याचा शब्दशः अर्थ 'बॅटरीसंच बदला' असा होतो.

दोष घटाचा की तारेचा?

संकेताचा शब्द मात्र शेवटचा मानता येत नाही. एखाद्या गटाचे विभवांतर कमी दिसते याची कारणे निदान तीन असू शकतात. घट खरोखर दुबळा झाला असेल. किंवा घट ठणठणीत असून त्याला जोडणाऱ्या तांब्याच्या पट्टीवर हिरवट गंज चढला असेल. तो गंज स्वतःच एक रोध आहे आणि संगणकाला तो घटाच्या रोधासारखाच दिसतो. अमेरिकेत २००१ ते २००३ या काळातील प्रियसच्या बॅटरीत टोकांपाशी द्राव झिरपत असल्याचे आढळले होते आणि कंपनीने गाड्या बोलावून ती टोके पुन्हा सीलबंद करून दिली. तिसरे कारण, मापन करणारी बारीक तारच सैल किंवा कुजलेली असेल. अशा वेळी फरक धारेबरोबर वाढत-घटत नाही, तो वाटेल तेव्हा उडी मारतो. हे तीन दोष वेगळे करायचे तर एकच आकडा पाहून भागत नाही. धारा बदलत असताना आकडे कसे हलतात ते पाहावे लागते.

उष्णतेचे कारण आणखी आडवळणाचे. पेटी थंड ठेवण्यासाठी पंखा गाडीच्या आतली हवा ओढतो. आसनाजवळच्या जाळीत धूळ, कापडाचे तंतू, कुत्र्याचे केस अडकले की हवा कमी जाते. पेटीच्या मध्यभागी असलेल्या संचांना दोन्ही बाजूंनी शेजारी असल्याने ते आधीच जास्त तापतात, म्हणून म्हातारेही तेच आधी होतात. अशा गाडीत नवी बॅटरी बसवून जाळी तशीच ठेवली तर नव्या बॅटरीचीही तीच गत. दोष नोंदला गेला घटाच्या नावावर, मूळ कारण मात्र धूळ.

मग फक्त आजारी संच बदलावा की सगळी बॅटरी? एक घट गेला म्हणून १६७ घट टाकून देणे हे पैशाचे आणि खनिजांचे मोठे नुकसान. पण जुन्या माळेत एकच नवा संच ओवला की त्याची क्षमता इतरांशी जुळत नाही, आणि जे घट पहिल्याबरोबरच म्हातारे होत आले होते ते काही महिन्यांत एकेक करून मान टाकतात. म्हणून प्रत्येक संच सुटा काढून, पूर्ण भरून, ठरावीक धारेने रिकामा करून त्याची क्षमता मोजणे, आणि मग जुळणारे संच एकत्र बांधणे, हा मार्ग विचाराचा. तो वेळ खातो. घटातून प्रत्यावर्ती धारा पाठवून त्याचा रोध पाहण्याची दुसरी, झटपट पद्धतही आहे. कोलराउश आणि वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच तिचा पाया घातला होता. पण रोध आणि क्षमता हे दोन वेगळे गुण आहेत. एका मापाने दुसऱ्याची खात्री देता येत नाही.

हात लावण्यापूर्वी

१२ व्होल्टच्या बॅटरीला आपण बिनधास्त हात लावतो. दोनशे व्होल्टची एकदिश धारा मात्र जीव घेऊ शकते. म्हणून या गाड्यांतल्या मोठ्या दाबाच्या तारा नारिंगी असतात आणि त्या गाडीच्या पत्र्याला कोठेही जोडलेल्या नसतात. साध्या मोटारीत बॅटरीचे ऋण टोक पत्र्यालाच जोडतात, इथे दोन्ही टोके अधांतरी. त्यामुळे एक दोष झाला तरी चुकून पत्र्याला हात लागलेल्या माणसातून मंडल पूर्ण होत नाही. संगणक सतत तपासतो की पत्रा आणि या तारा यांच्यामधला रोध पुरेसा मोठा आहे ना. द्राव झिरपून तो कमी झाला तर निराळा संकेत येतो.

दुरुस्तीपूर्वी गाडी पूर्ण बंद करून पेटीवरची तोडणी काढून घेतात, निदान दहा मिनिटे थांबतात, म्हणजे धारित्रांतला विद्युतभार उतरतो. जाड रबरी हातमोजे घालून विभवांतर शून्य झाल्याचे मोजून पाहतात. एक गोष्ट सहज विसरली जाते. ही तोडणी काढल्याने माळेचे दोन तुकडे होतात, पण प्रत्येक तुकड्यात बरेच घट ओळीने जोडलेलेच असतात. पेटीच्या आतला धोका संपत नाही. घटाला बंद करण्याचे बटण नसते.

२०२२ पासून भारतातही पूर्ण हायब्रिड जातीच्या अनेक गाड्या बनू लागल्या. त्यांतील काहींत निकेलचे घट आहेत, काहींत लिथियमचे. लिथियमचा घट थोडाही जास्त भरलेला सहन करत नाही, म्हणून तिथे बारा घटांचा गट पुरत नाही, एकेका घटावर नजर ठेवावी लागते. म्हणजे व्होल्टाच्या पेल्यांच्या ओळीतला प्रत्येक पेला पुन्हा दिसू लागला आहे, डोळ्यांऐवजी तारांमधून.

वर्गात करून पाहू

हे सारे समजायला दोनशे व्होल्ट लागत नाहीत, आणि तशी बॅटरी शाळेत कोणी आणूही नये. विजेरीचे तीन सेल घ्या, दोन नवे आणि एक वापरून थकलेला. तिन्हींवर कागद गुंडाळून १, २, ३ असे क्रमांक द्या. जुना कोणता ते मुलांना सांगू नका. तारेचा जुन्या पद्धतीचा बल्ब हवा, एलईडी नको. आधी प्रत्येक सेल सुटा मोजा. आकडे बहुधा १.५, १.५ आणि १.४ असे काहीसे येतील. आता तिन्ही एकसर जोडून बल्ब लावा आणि बल्ब पेटलेला असतानाच प्रत्येक सेलचे विभवांतर पुन्हा मोजा. समजा १.३, १.३ आणि ०.९ आले आणि धारा ०.२५ ॲम्पियर आहे. विभवांतरातली घट भागिले धारा, म्हणजे अंतर्गत रोध. नव्या सेलचा ०.८ ओहम, जुन्याचा २ ओहम. बंद असताना फरक होता ०.१ व्होल्टचा, काम करताना तो ०.४ झाला. आजारी सेल मुलेच ओळखतील.

मग एक खोडी काढा. चांगल्याच सेलच्या टोकाशी थोडा मळका, गंजलेला पत्र्याचा तुकडा अडकवा आणि त्यासकट मोजायला सांगा. मुले त्या सेलला आजारी म्हणतील. तुकडा काढून पुन्हा मोजायला लावा. दोष घटाचा की जोडणीचा, हा प्रश्न त्यांच्या मनात एकदा रुजला की तो पुढे पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडेल.

आमच्या प्रयोगवहीत आता बॅटरीच्या तपासणीला दोन रकाने आहेत. 'भाराशिवाय' आणि 'भाराखाली'. दुसरा रकाना त्या विद्यार्थिनीने आखला. तो भरल्याशिवाय आम्हाला सही करता येत नाही.